खसखशीएवढी गोलाई

नजीरमियांच्या लेथ मशीनवरून उतरलेल्या कुठल्याही तुकड्यावरून डोळे मिटून बोट फिरवावं. ओरखडा म्हणून यायचा नाही. पंपाचा दांडा असो, मळणीयंत्राची पुली असो, नाहीतर देवळातल्या घंटेचा लोळ असो. काम पुरं झालं, मापं जुळली, तरी मियां आपली खराद, म्हणजे ती लेथ, लगेच थांबवत नसत. बारीक कानस उचलायची, फिरत्या कडेला हळूच टेकवायची आणि लोखंडाचा उरलासुरला राग काढून टाकायचा. याला ते 'कड मारणं' म्हणत. मग तो तुकडा स्वतःच्या मनगटाच्या आतल्या, मऊ बाजूवरून फिरवायचा. तिथं टोचलं नाही तरच तो गिऱ्हाइकाच्या हाती.

ही सवय त्यांना उस्तादानं लावली नव्हती. एका कीर्तनानं लावली होती.

पन्नास वर्षं झाली त्या गोष्टीला. घाटंजीच्या एका दुकानात नजीर तेव्हा नवा होता, अठरा वर्षांचा. सप्ताहाच्या कीर्तनासाठी ओतीव झांजा खरादून द्यायचं काम आलं. त्यानं त्या अशा लखलखीत केल्या की त्यांत तोंड पाहून घ्यावं. संध्याकाळी आपल्या झांजा कशा बोलतात ते ऐकायला तो मंडपाच्या कडेला जाऊन बसला. महाराजांनी निरूपणाला हात घातला, मृदंगावर थाप पडली आणि मागं उभ्या असलेल्या धनसिंगबुवांनी झांजा उचलल्या. काय नाद निघाला! देवानं स्वतः कान द्यावा असा. मंडप डोलायला लागला, म्हाताऱ्या बाया डोळे पुसू लागल्या, आणि नजीर तर खुळावल्यासारखा ऐकतच राहिला. मग त्याला दिसलं, बुवांच्या पांढऱ्या बाहीवर एक लाल ठिपका. मग दोन. मग ओघळच. झांजेच्या कडेनं अंगठा चिरला होता. बुवांनी ताल सोडला नाही. आरती होईस्तोवर एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही.

आरतीनंतर नजीर पुढे गेला. बुवांनी अंगठा उपरण्यात गुंडाळला होता. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आवाज लय गोड काढला रे तुनं. फक्त येवढं ध्यानात ठेव, जे बनवशीन ते कोनाच्या तरी हातात जाईन."

तेव्हापासून कड मारल्याशिवाय एकही तुकडा दुकानाची पायरी उतरला नाही. आणि कीर्तन कुठंही असो, मियां मंडपाच्या कडेला असतातच. यवतमाळात येऊन स्वतःचं दुकान टाकलं, लग्न झालं, दाढी पिकली, तरी दोन्ही गोष्टी सुटल्या नाहीत.

आता मात्र दुकानाचं रूप पालटलं होतं. पुढच्या अंगाला मुलाचं, तनवीरचं, गाड्यांचं गॅरेज होतं. मागच्या अंगाला खराद. तनवीरला तिथं चाकांची अलाइनमेंट करणारं मशीन बसवायचं होतं, आणि जागा तेवढीच होती. फुलसावंगीचा देवीलाल खराद घ्यायला एका पायावर तयार होता. त्यात मागच्या महिन्यात एक नवलाची गोष्ट घडली. मियांनी केलेला एक शाफ्ट परत आला.

"अब्बा, रागावू नोका," तनवीर म्हणाला, "पन हात थरथर कापते तुमचा. मी पाह्यलं हाये."

"एक शाफ्ट वापस आला तं खराद इकायची? तुह्या गॅरेजात किती गाड्या वापस येते, मोजू काय?"

"त्या सर्व्हिसिंगले येते, अब्बा!"

"मंग माहा शाफ्टबी सर्व्हिसिंगले आला असन."

आतून तनवीरची आई हलीमाबी ओरडल्या, "दोघंबी पयले चाय प्या, मंग भांडा. थंडी होऊन राह्यली!"

हे भांडण रोज व्हायचं आणि रोज चहाशी थांबायचं. पण त्या दिवशी चहाच्या वेळेलाच दीपमाला आली. धर्मपाल मास्तरांची ही मुलगी शहराबाहेरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. लहानपणी सायकल दुरुस्त करून घ्यायला यायची, ती आता एका चित्राच्या कागदाची गुंडाळी घेऊन आली होती.

"नजीरचाचा, एक तुकडा पायजे. पोलादाचा शंकू, बोटायेवढा. पन कोन इतका अचूक पायजे का पाव अंशाचाबी फरक नोको."

"कायले पायजे?"

"आमच्या वाऱ्याच्या बोगद्यात ठेवायले." तिनं समजावून सांगितलं. विमान असो की रॉकेट, उडवायच्या आधी त्याचा लहानसा नमुना एका जागी घट्ट बसवायचा आणि वाराच त्याच्या अंगावर सोडायचा. नमुना जागेवर, धावतो तो वारा. तसला एक बोगदा तिनं आणि तिच्या विद्यार्थ्यांनी कॉलेजात दोन वर्षं खपून उभा केला होता.

"किती धावते तुहा वारा?"

"आवाजाच्या दुप्पट."

मियांनी विचार केला. "म्हंजे मी इथून तनवीरले शिवी देल्ली, तं शिवीच्या आंधी वारा त्याच्यापाशी पोचीन?"

"पोचीन, चाय पिईन अन् वापस निघीन बी."

तनवीरसुद्धा हसला. पण दीपमालाचं काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बोगद्यातला वारा खरंच तेवढा धावतो का, हे अजून कुणी मोजलं नव्हतं. या शंकूच्या टोकापासून हवेत दोन रेघा फुटणार होत्या. त्या रेघांचा कोन मोजला की वाऱ्याचा वेग कळणार होता. गुरुवारी नागपूरहून दोन परीक्षक यायचे होते. वेग सिद्ध झाला तर बोगदा राहील, नाहीतर त्या खोलीत संगणक मांडायला कॉलेज टपलंच होतं.

"नागपुरात कोनी नाही काय करून देनारं?" तनवीरनं विचारलं.

"आहे ना. पन मले चाचाचा हात पायजे."

हे ऐकून मियांची दाढी अशी काही वर आली! ते मुलाकडे वळले. "आयक. हा तुकडा तिच्या बोगद्यात पास झाला तं खराद इथंच राहीन. फेल झाला तं देवीलालले बोलाव. मी सोता टेम्पोत चढवून देतो."

"जबान?"

"जबान."

*

दोन दिवस मियां त्या तुकड्याशी बसले. खरं तर झुंजले. हात कापत होता, ते त्यांना तनवीरपेक्षा आधी ठाऊक होतं. त्यांनी कोपर खरादीच्या पाट्याला टेकवला, श्वास अर्ध्यावर धरला आणि केसाएवढा केसाएवढा काप घेत राहिले. मनातल्या मनात एका अभंगाची चाल चालली होती, शब्दांवाचून. चाल चालू असली की हात तिच्या मागं चालायचा. पोलाद उतरत गेलं. टोक निमुळतं, आणखी निमुळतं होत शेवटी सुईसारखं आलं. बोटाएवढ्या त्या शंकूत मियांची पन्नास वर्षं उतरली होती असं म्हटलं तर खोटं नव्हे.

दीपमालानं चित्रात टोकाबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. शंकू म्हटला की टोक आलंच, त्यात लिहायचं काय? आणि मियांनीही टोकाबद्दल काही विचारलं नव्हतं. कड तर मारायचीच असते, त्यात विचारायचं काय?

हातात कानस कधी आली ते त्यांना कळलंसुद्धा नाही. फिरत्या टोकाला ती हळूच टेकली. खसखशीच्या दाण्याएवढी गोलाई आली. मियांनी शंकू उतरवला, मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवला. मऊ. ते समाधानानं हसले.

दीपमालानं दुकानातच कोन मोजला. तळ मोजला. चष्मा वर करून पुन्हा मोजला. "चाचा, मशीनलेबी असा जमत नाही!" टोकाकडे तिनं पाहिलं, पण टोक ते टोक, खसखशीचा दाणा वेगळा निवडून कोण बघतो?

"आता बोगद्यात पास झाला म्हंजे झालं," तनवीर म्हणाला. त्याच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. त्यालाही आता उत्सुकता लागली होती.

*

मंगळवारी सकाळी तनवीर वडिलांना मोटरसायकलवर बसवून कॉलेजात घेऊन गेला. मियांना वाटलं होतं, बोगदा म्हणजे आगगाडी जाते तसला असेल. प्रत्यक्षात शेडखाली दोन भल्या थोरल्या टाक्या होत्या, त्यातून एक जाड नळी खोलीत आली होती आणि नळीच्या मध्यावर दोन्ही अंगांना काचा लावलेली, हातभर लांबीची पेटी. एवढाच बोगदा. पेटीच्या मधोमध, एका बारीक दांडीच्या टोकावर, मियांचा शंकू बसला होता. नवऱ्या मुलासारखा एकटाच.

"सकाळपासून कॉम्प्रेसर हवा भरून राह्यला," दीपमाला म्हणाली. "तीन तास भरायची अन् दहा सेकंदात संपवायची."

"तीन तास सामान बांधाचं अन् दहा सेकंदाची गाडी!" मियां म्हणाले.

"अम्मीसंगं गावाले जातानी असंच होते," तनवीर हळूच म्हणाला, आणि ममता नावाची विद्यार्थिनी, जी कॅमेऱ्यापाशी उभी होती, ती तोंडावर हात धरून हसली.

मियांची नजर मात्र टेबलावर खिळली होती. तिथं एका चिमट्यात दाढीचं ब्लेड उभं धरलेलं होतं, उघडं.

"हे असं काहून ठेवलं बेटा? कोनाचा हात लागला म्हंजे?"

"त्याच्या धारेचंच काम आहे, चाचा. धार बोथट असली तं काहीच दिसनार नाही." आणि तिनं दाखवलं: दिव्याचा उजेड एका गोल आरशावरून निघतो, काचेतून पेटी ओलांडतो, दुसऱ्या आरशावरून या ब्लेडच्या धारेवर येतो आणि मग कॅमेऱ्यात जातो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरची हवा थरथरताना दिसते ना, तशी इथं दाबली गेलेली हवा काळ्या रेघेसारखी दिसते.

मग तिनं सगळ्यांच्या हातावर रुईचे बोळे ठेवले. "कानात घाला." मियांनी बोळे घातले. दीपमालानं हात वर केला आणि व्हॉल्व्ह उघडला.

मांजरपाटाचं अख्खं ठाण एका दमात टरकवावं तसा आवाज झाला, पण छातीच्या आतून. खिडक्यांची तावदानं थरथरली. मियांचे ओठ आपोआप हलू लागले. दहा सेकंद. मग एकदम शांतता, एवढी की शेडवरच्या चिमण्यांचं उडून जाणंही ऐकू आलं.

सगळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकले. आणि दीपमालाचा चेहरा उतरला.

टोकापासून दोन सरळ रेघा फुटायला हव्या होत्या, चिमट्याच्या दोन पायांसारख्या. तशा नव्हत्या. टोकाच्या पुढं, टोकाला न शिवता, एक वाकडी रेघ उभी होती. धनुष्यासारखी.

"पुन्हा," दीपमाला म्हणाली.

पुन्हा म्हणजे पुन्हा तीन तास. डबे उघडले, भाकरी-भाजी वाटून खाल्ली. दुपारी पुन्हा ठाण टरकलं. पुन्हा तेच धनुष्य.

दीपमाला स्टुलावर बसली. "नळीच्या गळ्याचं माप चुकलं असन माह्याकडून," ती म्हणाली. "वारा वेगच धरून नाही राह्यला, म्हणून रेघ अशी टोक सोडून उभी. दोन वर्षं… बरं. मी सरांना लिहून देतो, गुरुवारी दाखवायले काही नाही म्हणून. घेऊ द्या त्यांना खोली."

तनवीरनं खाकरून विचारलं, "ताई, मंग अब्बाचा तुकडा…?"

"तुकडा शंभर टक्के पास, भाऊ. चूक बोगद्याची आहे. माही."

तनवीरनं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "जिंकले तुम्ही, अब्बा. राहू द्या तुमची खराद."

मियांना त्या घटकेला काय वाटावं? पण त्यांचं लक्षच नव्हतं. ममताच्या मोबाइलवर तो फोटो होता. "बेटा, हे जरा मोठं होते काय?" ममतानं दोन बोटांनी चित्र ताणलं. टोक मोठं झालं. आणखी मोठं. आणि मियांना आपली गोलाई दिसली. आपल्या हाताची सही माणूस ओळखतोच.

घाटंजीला असताना वाघाडी नदीच्या पुलावर ते तासन्‌तास बसत. पुलाचा खांब गोल होता. पाणी त्याला टेकायच्या आधीच पुढं फुगून उभं राहायचं, कमानीसारखं. पण पोरं विळा धरून पाण्यात उतरली, की विळ्याच्या धारेला पाणी चिकटून सरळ दुभंगायचं, ना फुगवटा ना कमान. वारा असो की पाणी, त्याची जात एकच. बोगद्याचं काही चुकलं नव्हतं. वारा बरोबर धावत होता. वाट अडवून उभी होती ती खसखस.

*

कॅन्टीनमध्ये चहा आला. दीपमाला समोरच्या बाकावर अर्ज लिहायला बसली. तनवीर गॅरेजातल्या मुलाला फोनवर सांगत होता, अलाइनमेंटच्या मशीनचं राहू दे सध्या.

मियांनी कप उचलला आणि तो हातातच राहिला. हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. कुणाला सुचणारही नव्हतं. मापं सगळी बरोबर होती, पास झाल्याचं खुद्द दीपमालानं सांगितलं होतं. खराद राहिली होती. उद्या सकाळी उठून तिच्या चाकावर हात ठेवता येणार होता, परवाही, आणि अल्लानं ठेवलं तितके दिवस. गप्प बसायला काही करावं लागत नव्हतं. नुसता चहा प्यायचा होता.

समोर दीपमालाचं पेन चालत होतं. अर्जाच्या तिसऱ्या ओळीपाशी ती थांबली, चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा लिहू लागली. तिची तक्रार नव्हती, कुणाला बोल नव्हता. मियांना एकाएकी ती पांढरी बाही दिसली. तिच्यावरचा ओघळ. आणि ताल न सोडणारे धनसिंगबुवा. पन्नास वर्षांत कुणाचा हात चिरला नाही म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि इथं आपल्या डोळ्यांदेखत ही पोरगी आपल्याच तुकड्यानं चिरली गेली होती.

त्यांनी कप खाली ठेवला.

"बेटा, लिहू नोको."

दीपमालानं मान वर केली.

"चूक बोगद्याची नाही. माही हाये. मी टोकाची कड मारली."

"कड मारली म्हणजे?"

"कानस लावली. कोनाले टोचू नये म्हनून. थे ब्लेड पाह्यलं तवाच माह्या ध्यानात याले पायजे होतं. तुह्या वाऱ्याले धार पायजे, अन् मी त्याले गोलाई देल्ली."

 दीपमाला उठली आणि अक्षरशः धावत गेली. परत आली ती शंकू आणि भिंग घेऊन. भिंगातून टोक पाहिलं. तिचं तोंड हसावं की रडावं अशा बेतात आलं. "अर्धा मिलिमीटर," ती म्हणाली. "चाचा, अर्धा मिलिमीटर! अन् मी दोन वर्षांचं काम मोडीत काढून राह्यलो होतो." मग हळू आवाजात म्हणाली, "पन मीच लिहिलं नव्हतं, टोक तेज ठेवा म्हणून. चूक माही."

"आपन वाटून घेऊ, अर्धी अर्धी." मियां मुलाकडे वळले. "पन शर्तीतली पूरीच्या पूरी माही. तुकडा फेल हाये, तनवीर. देवीलालले फोन लाव."

 तनवीरनं हातातला फोन खिशात ठेवला. घरी पोचल्यावर मियांनी स्वतःच देवीलालला फोन लावला आणि शुक्रवारी यायला सांगितलं.

*

बुधवारी सकाळी मियांनी खराद चालू करण्याआधी बारीक कानस हलीमाबींच्या हातात दिली. "ही कुठंतरी लपवून ठेव. मले दाखवू नोको."

"काहून?"

"हात ऐकनार नाही माहा."

हलीमाबींनी नवऱ्याकडे पाहिलं, काय ते समजल्या आणि कानस घेऊन आत गेल्या.

तीच खराद, तोच टेकवलेला कोपर, तीच बिनशब्दांची चाल. या खेपेला टोक सुईसारखं झालं तेव्हा मियांचा उजवा हात खरंच बाजूच्या फळीवर गेला. तिथं काही नव्हतं. हात तसाच थोडा वेळ फळीवर चाचपत राहिला. मग त्यांनी खराद बंद केली. शंकू उतरवून मनगटाला टेकवला. टचकन टोचला. मनगटावर रक्ताचा एक थेंब आला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते असा तुकडा दुकानाबाहेर पाठवणार होते.

 मग ते उठले, पितळेचा एक गोल तुकडा शोधला आणि पुन्हा खराद चालू केली. तासाभरानं आत येऊन म्हणाले, "हलीमा, कानस दे."

"आताच तं लपवाले सांगतली!"

"दे. दुसऱ्या कामाले पायजे."

कानस जवारीच्या पिठाच्या डब्यातून निघाली. पिठानं पांढरीफटक झालेली. "तिथं कोनी पाहनार नाही म्हनून ठेवली," हलीमाबी म्हणाल्या. "आता भाकरीत लोखंड निंघालं तं मले नोका बोलू."

*

गुरुवारी परीक्षक आले. दोघेही वयस्कर, मोजकं बोलणारे. दीपमालानं त्यांच्यासमोर डबी उघडली. आत रुईवर शंकू होता आणि त्याच्या टोकावर पितळेचं टोपण. गुळगुळीत, पेरूच्या बीइतकीही कड कुठं न लागणारं. डबीच्या झाकणावर मियांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'टोक तेज आहे. हात सांभाळा.'

टोपण काढल्यावर एका परीक्षकांनी सहज बोट पुढं केलं.

"हात नका लावू साहेब!" मियां खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडले. साहेबांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

रुईचे बोळे कानात गेले. ठाण टरकलं. शांतता झाली. पडद्यावर टोकापासून दोन रेघा निघाल्या होत्या, सरळ, टोकाला चिकटून, चिमट्याच्या पायांसारख्या. दीपमालानं कोन मोजला, परीक्षकांनी मोजला. वारा आवाजाच्या दुपटीला किंचित कमी धावत होता. "खरा आकडा असाच येतो," मोठे परीक्षक म्हणाले, आणि वहीत सही केली. दीपमालानं कानातले बोळे काढायच्या आधीच मियांना वाकून नमस्कार केला, त्यामुळे त्यांनी काय आशीर्वाद दिला तो तिला ऐकूच आला नाही.

*

शुक्रवारी देवीलाल टेम्पो घेऊन आला. मियांनी पहाटेच उठून खराद पुसली होती, तेल घातलं होतं, पाट्यावरचा लोखंडाचा कीस फुंकून काढला होता. सासरी जाणाऱ्या लेकीची वेणी घालावी तसं. ते देवीलालला एकेक गोष्ट सांगू लागले. तिसरा गिअर जरा अडते, त्याले जोर नोको लावू. पावसाळ्यात पट्टा ढिला होते.

तनवीर आपला टेप घेऊन भिंतीची लांबी मोजत होता. मोजून झाल्यावर म्हणाला, "देवीलालभाऊ, थांबा जरा. तुमी गॅरेजातलं ते मोठं ड्रिल मशीन घेऊन जा. खराद नाही द्याची."

"तनवीर," मियां म्हणाले, "जबान देल्ली होती मी."

"कशाची जबान, अब्बा? तुकडा पास का फेल."

"फेल झाला ना."

"कोनं केला फेल? ताईनं पास केला होता. मी पास केला होता. मापानं पास केला होता. एकट्या तुमीच फेल केला."  तनवीरनं टेप खाडकन मिटवला. "सगळं दुकान पास म्हनत असतानी आपलाच माल फेल करनारा मानूस मले कुठं भेटीन? मशीन तं पैसे देऊन येते."

देवीलालनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्या टेम्पोचं भाडं भरलं हाये बाप्पा," तो म्हणाला. "पन चाचा रडून राह्यले, आता काय बोलावं."

"रडून नाही राह्यलो. तेलाचा हात डोयाले लागला."

ठरलं असं, की खराद भिंतीला लांबीनं वळवून लावायची. मग अलाइनमेंटचं मशीन तिच्याशेजारी कसंबसं मावत होतं. लोखंडी नळ्या खाली सरकवल्या. तनवीर, देवीलाल आणि गॅरेजातले दोघं खांदा लावायला सरसावले. मियांना हलीमाबींनी हाताला धरून बाजूला ओढलं.

तनवीरनं वाकून खरादीच्या पोटाखाली हात घातला. इतक्या वर्षांत त्यानं तिथं कधी हात घातला नव्हता. ओतीव लोखंडाची खालची कड, जमिनीकडे तोंड करून असलेली, जिथं ना कुणाची नजर जाते ना कुणाचं काम पडतं. उचलताना हात चिरेल म्हणून त्यानं आधी दबकत बोटं टेकवली. मग थांबला आणि कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. सगळीकडे मऊ होती. कधीतरी, खराद नवी आली असेल तेव्हा, अब्बांनी जमिनीवर पालथं झोपून तिथंही कानस फिरवली होती.

"काय झालं?" देवीलालनं विचारलं. "जड हाये काय?"

"नाही," तनवीर म्हणाला. "चला. एकसाथ."